पाणी आलं का रे? (गीता चिंतन : अध्याय २, श्लोक ६२-६३)



आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे दोन श्लोक घेऊया. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांमधले आहेत. बऱ्याच जणांचे पाठ असतील. नसतील तर पुढे वाचण्याआधी गीता उघडून एकदा मोठ्याने म्हणा.

माणूस घसरतो कसा, हे भगवंत इथे पायरी-पायरीने सांगतात. एखाद्या विषयाचं सतत चिंतन केलं की त्याची ओढ लागते. ओढीतून इच्छा होते. इच्छेला आडकाठी आली की राग. रागातून संमोह, म्हणजे डोळ्यांपुढे धुकं. त्या धुक्यात स्मृती हरवते. स्मृती हरवली की बुद्धी जाते, आणि बुद्धी गेली की माणूस बुडाला.

हे श्लोक मी कॉलेजपासून म्हणतोय. पण यातली 'स्मृती' ही पायरी मला कधी नीट कळली नव्हती. राग आला की विचार करायची ताकद जाते, हे समजतं. पण मध्ये स्मृतीचं काय काम? रागाच्या भरात आपण नाव-गाव थोडंच विसरतो?

विसरतो. गेल्या महिन्यात मी विसरलो. लिहायला लाज वाटते, पण आजचं चिंतन त्याच प्रसंगावर आहे.

त्या संध्याकाळचं

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी एक सांगतो. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही. मध्ये कित्येक दिवसांचं अंतर पडतं. त्यामुळे पाण्याचा दिवस म्हणजे घरात जवळजवळ सणच. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतात, कुणी लाइनमनला फोन लावतो, कुणी रात्री उठून हौदाचं झाकण काढून बघतो. पाणी आलं की मोटार लावायची, वरची टाकी भरायची, पिंप भरायचे. पाण्याची वेळ हुकली तर पुढचे दिवस टँकरवर.

माझे बाबा निवृत्त शिक्षक. पाण्याचा दिवस त्यांनी आयुष्यभर सांभाळला. गेल्या वर्षभरापासून त्यांना विसर पडतो. जुनं सगळं लख्ख आठवतं, पण दहा मिनिटांपूर्वीचं निसटून जातं. डॉक्टरांनी सांगितलंय, "हे हळूहळू वाढणार. त्यांना माणसांत ठेवा, आणि चिडू नका."

त्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी आमचं रिलीज होतं, मी घरूनच कॉलवर होतो. एक बग ऐनवेळी वर आला होता आणि तो माझ्याच कोडमध्ये होता. बाबा दारात आले.

"पाणी आलं का रे?"

"नाही बाबा, रात्री येणार आहे."

"बरं."

दहा मिनिटांनी पुन्हा. "पाणी आलं का रे?" पुन्हा तेच उत्तर. मग पुन्हा. चौथ्यांदा मी नुसती मान हलवली. पाचव्यांदा त्यांच्याकडे बघितलंही नाही. सातव्यांदा मात्र मी खुर्ची मागे ढकलून ओरडलो, "किती वेळा सांगू? एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?"

माझा माइक चालू होता. कॉलवर एकदम शांतता पसरली. मी आधी काय केलं माहितीये? आधी माइक बंद केला. टीमने ऐकलं याची लाज पहिली वाटली. बाबांकडे वळून बघितलं, तोवर ते दारातून गेले होते.

रिलीज झालं. 'वेल डन'चे मेसेज आले. साडेअकराला बाहेर आलो तर बाबा अंगणात, अंधारात, नळाजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. अंगावर शाल. मी म्हटलं, "बाबा, इथे काय करताय?"

ते म्हणाले, "पाणी आलं की कळेल ना. तुला सारखं विचारायला नको."

मला तिथे उभं राहता येईना. आत आलो. आई ओट्यापाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पैठणच्या यष्टीत तू किती वेळा विचारलं होतंस, आठवतं का?"

आठवलं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. नाथषष्ठीला निघालो होतो. बस खच्चून भरलेली, मी बाबांच्या मांडीवर. दर पाच मिनिटांनी मी विचारायचो, "पैठण आलं का?" आणि दर वेळी बाबा खिडकीबाहेर बोट दाखवून काहीतरी नवं सांगायचे. "नाही, हे चितेगाव." "आता बिडकीन येईल." "ते बघ ढोरकीन, आता आलंच." सगळी वाट मी एकच प्रश्न विचारत होतो आणि ते दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देत होते. शेजारचे लोक वैतागले असतील, बाबा नाही.

आता श्लोक पुन्हा वाचा. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश. आमच्या घरात विसर पडण्याचा आजार बाबांना आहे असं मी धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी स्मृती कुणाची गेली होती? ते फक्त एक उत्तर विसरले होते. मी अख्खा बाप विसरलो होतो.

गीता म्हणते ती स्मृती ही. समोर कोण आहे, मी त्याचा कोण आहे, आणि मला काय व्हायचं आहे, याची आठवण. संयम सुटतो त्या क्षणी ही आठवण सुटलेली असते. दारात उभे असलेले बाबा मला त्या वेळी बाबा दिसतच नव्हते. मोबाईलवर सारखं वर येणारं एखादं नोटिफिकेशन असावं आणि ते बाजूला सारायचं असावं, तसं मी त्यांच्याकडे बघत होतो.

चूक शोधायची कुठे?

आपल्या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. प्रोग्राम जिथे कोसळला, तिथे चूक असेलच असं नाही. बऱ्याचदा ती कितीतरी आधी झालेली असते आणि दिसते मात्र शेवटी. म्हणून लॉग उलटा वाचत जायचं.

हे वाचताना मला नाथांची देवगिरीवरची गोष्ट आठवते. संत एकनाथ पैठणचे. आई-वडील लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. गुरूच्या शोधात ते देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे आले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. त्यांनी नाथांकडे हिशेबाचं काम दिलं. परंपरेत अशी कथा सांगतात, की एकदा हिशेबात एका पैचा मेळ लागेना. नाथ रात्रभर दिवा लावून वह्या चाळत बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी हे बघत होते. ते म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर तुला एवढा आनंद होतो, मग संसाराच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल? हीच एकाग्रता तिकडे लाव.

ही गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली होती आणि दर वेळी 'एकाग्रतेचं महत्त्व' म्हणून सोडून दिली होती. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, की स्वामींनी एक कामच नेमून दिलंय. चूक दुसऱ्याच्या वहीत नाही, आपल्या वहीत शोध. आणि सापडेपर्यंत मागे मागे जा.

मी गेलो. श्लोकाच्या पायऱ्या खालून वर.

ओरडलो, म्हणजे बुद्धी गेलेली. त्याआधी बाबा 'बाबा' दिसेनासे झाले, म्हणजे स्मृती गेलेली. त्याआधी राग. राग कशाचा? बाबांच्या प्रश्नाचा? नाही. माझ्या एका इच्छेत ते आडवे येत होते. इच्छा कोणती? माझ्या कोडमध्ये चूक निघाली हे कुणाच्या लक्षात राहू नये, लोकांनी चांगलं म्हणावं. ही इच्छा आली कुठून? ओढीतून. दोन महिन्यांवर अप्रेझल होतं. आणि ओढ कुठून? चिंतनातून. सकाळी डोळा उघडल्यापासून माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. देवापुढे बसलो तेव्हाही तेच. त्यात आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत बिछान्यात पडून मोबाईलवर रील्स बघितलेल्या. झोप साडेचार तास. हरिपाठ राहिलेला.

म्हणजे संध्याकाळी सात वाजता जो संयम सुटला, तो सुटायला आदल्या रात्री अकरालाच सुरुवात झाली होती. शेवटच्या पायरीवर उभं राहून मी स्वतःला आवर घालू बघत होतो. तिथे आवर घालता येतच नाही. भगवंतांनी यादीची सुरुवात रागापासून केलेली नाही, ध्यानापासून केली आहे, ती यामुळेच.

आपली पिढी म्हणते, ध्यान जमत नाही, मन लागत नाही. अहो, आपण रोज दोन-दोन तास ध्यान करतो. एकच आसन, एकच अंगठा, शेजारी कोण बसलंय याचं भान नाही. याहून पक्कं ध्यान कोणतं? फक्त ते कशाचं लागलंय, हे बघायला हवं. संयमाचा प्रश्न तिथे सुटतो किंवा तिथेच बिघडतो.

नाथांनी काय केलं?

आता पैठणला जाऊ. ती कथा तुम्हाला माहीत आहेच. नाथ गोदावरीत स्नान करून घरी निघाले की वाटेवरचा एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ मागे फिरायचे, पुन्हा स्नान करून यायचे. तो पुन्हा थुंकायचा. कीर्तनात सांगतात की एके दिवशी हे १०८ वेळा झालं. शेवटी तोच थकला आणि पायांवर पडला. नाथांनी त्याला उचललं आणि म्हणाले, तुझ्यामुळे आज गोदामाईचं स्नान १०८ वेळा घडलं.

लहानपणी मला वाटायचं, नाथांनी १०८ वेळा राग गिळला असेल. आता तसं वाटत नाही. राग गिळून माणूस सातवर टिकत नाही, हे मी स्वतः बघितलं. गिळलेला राग आत साठत जातो. माझं पहिलं 'नाही बाबा' शांत होतं, चौथ्याला मान हलली, पाचव्याला नजर फिरली. प्रत्येक वेळी मी मागचा हिशेब पुढे ओढत होतो. बाबांसाठी तो प्रश्न पहिलाच होता. माझ्यासाठी सातवा होता. नाथ काय करत होते? दर वेळी नदीवर जाऊन ते सगळं धुऊन येत होते. सत्तराव्या वेळी समोर आलेला माणूसही त्यांच्यासाठी पहिल्यांदाच थुंकणारा होता. माळेत मणीही १०८ असतात. तेच नाव पुन्हा, पण प्रत्येक मणी नवा.

आणखी एक बघा. नाथ त्या माणसाशी झगडत बसले नाहीत, आणि स्वतःच्या मनाशीही झगडत उभे राहिले नाहीत. त्यांच्याकडे जायला एक जागा होती. थुंकला की गोदावरी. अपमान झाला की काय करायचं, हे आधीच ठरलेलं. आपल्याकडे अशी जागा नसते, म्हणून आपण तिथेच उभे राहतो आणि भडकतो.

दुसरी गोष्ट गिरिजाबाईंची. नाथांच्या या पत्नीबद्दल आपण फार कमी बोलतो. नाथांना राग आणून दाखव, पैसे देतो, अशी पैज लागली म्हणून एकजण त्यांच्या घरी आला. नाथ पूजेला बसलेले असताना सरळ मांडीवर जाऊन बसला. नाथ म्हणाले, इतक्या प्रेमाने भेटायला आलेला पाहुणा पहिल्यांदाच बघितला, आता जेवून जा. जेवायच्या वेळी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तर तो त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ, पाहुणे पडतील. गिरिजाबाई म्हणाल्या, पडू कशी देईन? हरीला पाठीवर घेऊन कामं करायची मला सवय आहे. हरी म्हणजे त्यांचा मुलगा, पुढे हरिपंडित म्हणून ओळखला गेलेला.

यात स्मृती किती लख्ख आहे बघा. पाठीवर एक उद्धट परका माणूस आहे आणि त्या बाईला आठवतंय काय, तर आपण आई आहोत. संमोहाला तिथे शिरायला फटच नाही. आणि 'सवय आहे' हा शब्दही नीट ऐका. ती शांती त्या दिवशी वरून उतरली नाही. मुलाला पाठीवर घेऊन केलेल्या कामातून ती आधीच तयार झाली होती.

नाथांच्या एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीत आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही १८ हजारांवर ओव्यांची टीका नाथांनी सुरू केली पैठणात आणि पूर्ण केली काशीत, १५७३ साली. त्या अध्यायात अवंतीचा एक कंजूष ब्राह्मण आहे. सगळं धन जातं, घरचे दूर होतात, तो भिक्षू होतो आणि लोक त्याला छळतात. त्याच्यावरही थुंकतात. तो शोधत बसतो, की माझ्या दुःखाला कारण कोण? हे लोक? देव? ग्रह? काळ? कर्म? एकेक तपासत शेवटी तो म्हणतो, यातलं कुणीच नाही, हे सगळं चक्र माझं मन फिरवतं. त्यातला एक दृष्टांत फार नेमका आहे. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली तर रागवायचं कुणावर? दात पाडायचे का?

बाबा आणि मी, दात आणि जीभ. ओरडलो कुणावर आणि लागलं कुणाला!

एक शंका

इथे कुणीतरी म्हणेल, "म्हणजे कुणीही काहीही करावं आणि आपण सहन करत राहायचं का?" हा प्रश्न रास्त आहे. ऑफिसमध्ये अन्याय होतो, घरात होतो. संयम म्हणजे गप्प बसणं का?

नाथांकडेच बघा. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेलं गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. श्राद्धासाठी केलेलं अन्न, समाज ज्यांना दूर ठेवत होता त्यांना पोटभर वाढलं. पैठणच्या कर्मठ मंडळींनी बहिष्काराची भीती घातली तरी मागे हटले नाहीत. हा माणूस दबणारा नव्हता. जिथे ठाम राहायचं तिथे ठाम राहिला, फक्त त्यासाठी त्याला रागाची गरज पडली नाही. 'नाही' म्हणायला आवाज चढवावा लागतो, असं आपल्यालाच वाटतं.

आणि दाबून ठेवण्याला गीता संयम म्हणतच नाही. तिसऱ्या अध्यायात सहावा श्लोक बघा. बाहेरून इंद्रियं आवरून मनात विषय घोळवत बसणाऱ्याला भगवंतांनी मिथ्याचारी म्हटलंय. उपवासाच्या दिवशी रात्री बारा कधी वाजतात याची वाट बघणारे आपण त्याच जातीचे. दुसऱ्या अध्यायाच्या ५९व्या श्लोकात तर स्पष्टच आहे, की उपाशी ठेवलं तर विषय दूर होतात, गोडी मात्र राहते. ती जाते काहीतरी अधिक गोड चाखल्यावर. म्हणून नुसता मोबाईल बाजूला ठेवून भागत नाही, त्या जागी काही ठेवावं लागतं.

मग करायचं काय?

सहाव्या अध्यायात अर्जुनाने आपल्या मनातलं बोलून दाखवलंय. मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्याइतकं अवघड आहे. भगवंत त्याला 'अरे सोपं आहे' असं म्हणत नाहीत. ते मान्य करतात, की हो, अवघड आहे. आणि उपाय दोनच सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास कसा, ते २६व्या श्लोकात आलंय. मन जिथे जिथे पळेल, तिथून तिथून त्याला परत आणायचं. पळणारच नाही, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे मन पळालं, यात हार नाही. आणायला गेलो नाही, तर हार.

मी महिनाभर जे करतोय ते सांगतो. फार मोठं काही नाही.

पहिलं, झोप. सहाव्या अध्यायाच्या १६-१७ श्लोकांत भगवंतांनी आहारासोबत झोप-जागरणही मोजून सांगितलंय. आपण ते आरोग्याचं म्हणून सोडून देतो, पण ते योगाच्या अध्यायात आहे. रात्री साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतो आणि दार ओढून घेतो. गजरासाठी दीडशे रुपयांचं घड्याळ आणलंय. पहिले चार दिवस हात आपोआप उशाशी जायचा. त्या जागी आता हरिपाठाची छोटी पोथी आहे. हात गेला की तीच हाताला लागते.

दुसरं, जायला एक जागा. नाथांची गोदावरी. राग चढतोय असं वाटलं की उठायचं आणि तोंडावर पाणी मारून यायचं. कॉल चालू असेल तर निदान एक घोट पाणी प्यायचं. पाचव्या अध्यायाच्या २३व्या श्लोकात काम-क्रोधाचा 'वेग' सोसण्याबद्दल सांगितलंय. वेग हा शब्द फार नेमका आहे. लोंढा येतो आणि ओसरतो. तो ओसरेपर्यंत बोलायचं नाही, मेल पाठवायचा नाही, एवढंच आपलं काम. मेल लिहून ठेवा हवा तर, पण 'टू'मध्ये नाव घालू नका.

तिसरं, नाम. आधी मी नामस्मरण म्हणजे जप एवढंच समजायचो. पण शब्दच बघा, स्मरण. स्मृतिभ्रंशावर स्मरण. ज्या पायरीवरून आपण घसरतो, नेमक्या त्याच पायरीचं हे औषध आहे. समोर कोण आहे हे विसरायला होतं तेव्हा 'राम कृष्ण हरी' म्हटलं की एवढी आठवण तरी येते, की समोरच्याच्या आतही तोच बसलाय. मग तो जुना प्रश्न विचारणारा बाप असो की रिव्ह्यूमध्ये खोट काढणारा सहकारी.

चौथं, रात्रीचा हिशेब. दिवसभरात कुठे सुटलो, ते एकच ठिकाण घ्यायचं आणि लॉग उलटा वाचायचा. एक पै सापडेपर्यंत. स्वतःला शिव्या द्यायला नाही, चूक कुठून सुरू झाली ते बघायला.

शेवटी

त्या रात्री मी आणखी एक खुर्ची घेऊन अंगणात गेलो. बाबांच्या शेजारी बसलो. "बाबा, मी चुकलो," म्हटलं. ते म्हणाले, "कशाबद्दल?" त्यांना आठवतच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माफी मागायलाही उशीर करून चालत नाही, हे तेव्हा कळलं. ऐकणाऱ्याच्या आठवणीत ते असेपर्यंतच ती मागता येते.

पाणी रात्री एकला आलं. आधी नळातून हवेचा फुसफुस आवाज, मग गढूळ धार, मग स्वच्छ. बाबा उठले, ओंजळ भरली, तोंडावर मारली. मी बघत राहिलो. आपल्या शहराला हे पाणी कुठून येतं? पैठणच्या जायकवाडीतून, नाथसागरातून. ज्या गोदावरीत नाथ पुन्हा पुन्हा उतरले, तीच गोदावरी. ती पाइपातून आपल्या अंगणापर्यंत येते आणि आपण म्हणतो, आम्हाला संतांसारखं कुठे जमणार!

मी सुधारलो असं समजू नका. गेल्या आठवड्यात पुन्हा सुटलो, या वेळी बायकोवर, गाडीच्या किल्लीवरून. फरक एवढाच, की अर्ध्या वाक्यात लक्षात आलं आणि थांबलो. उठून तोंड धुऊन आलो. ती म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पैठणला जाऊन आलो." तिने ही सगळी गोष्ट ऐकलेली आहे, त्यामुळे ती हसली.

आणि बाबांचा प्रश्न? तो आहेच. काल पाण्याचा दिवस होता. किती वेळा विचारलं ते मी मोजलं नाही. मोजायचं नाही, एवढंच ठरवलंय. दर वेळी काहीतरी नवं सांगतो. "नाही बाबा, अजून टाकीत चढतंय." "आता पलीकडच्या गल्लीत आलंय." "आलंच आता."

"बरं," म्हणतात. आणि खिडकीबाहेर बघत बसतात.

आजचा अभ्यास : आज झोपण्याआधी दिवसातला एक प्रसंग घ्या, जिथे तुमचा तोल गेला. ६२-६३ श्लोकांच्या पायऱ्या खालून वर चढा आणि पहिली पायरी कोणती होती ते वहीत एका ओळीत लिहा. आणि ज्याच्यावर तोल गेला, त्याला आजच फोन करा. उद्यावर ढकलू नका.

उद्या ६४वा श्लोक. राग-द्वेष सोडून विषयांत वावरणारा माणूस, आणि त्याला मिळणारा प्रसाद.

राम कृष्ण हरी! नाथमहाराज की जय!